बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या मूळ आहे का, हे कागदावर कसं ठरवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. मुलगी नववीत आहे. गणिताच्या प्रकल्पासाठी तिने बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट घेतली आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची. एकूण दाणे किती, हे तिने स्प्रेडशीटमध्ये काढलं तेव्हा १८४४६७४४०७३७०९६००००० आलं. पुस्तकात मात्र १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दिलंय. बाईंनी ‘या संख्येचे गुणधर्म लिहा’ असं सांगितलंय आणि मुलगी विचारतेय की ही मूळ संख्या आहे का. ‘मी कॉमर्सची, एवढ्या मोठ्या संख्येला हात कुठून घालायचा तेच कळत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय.

उत्तर आधी देतो. पुस्तकातली संख्या बरोबर आहे. ती मूळ नाही. तिचे मूळ अवयव सात आहेत: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. प्रत्येक अवयव एकदाच येतो. पण हे नुसतं प्रकल्पात उतरवून घेतलं तर मुलीच्या हाती काही लागणार नाही. हे सगळं कागद-पेन्सिलीने काढता येतं, आणि नववीच्या बीजगणिताच्या फारसं पुढे न जाता काढता येतं. ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं संख्या सिद्धांत शिकवतो, आणि या एका संख्येवर मी अगदी मन लावून वेळ घालवतो, कारण एवढ्या थोड्या साधनांत एवढं देणारी दुसरी संख्या मला माहीत नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत. एक, समोर दिसणाऱ्या अंकांवर विश्वास ठेवायचा का. दुसरा, मोठ्या संख्येला विचारायचं काय. दुसऱ्याबद्दल माझी पद्धत ठरलेली आहे. गावात नवा माणूस आला की लोक आधी ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारतात, तसं संख्येला आधी विचारायचं: तू आलीस कुठून? हिचं उत्तर आपल्याला माहीत आहे. ती २^६४ − १ आहे (इथे ^ ही खूण ‘घात’ या अर्थाने वापरतोय). हे माहीत असणं वीस अंक पाठ असण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. कोणी नुसतीच वीस अंकी संख्या हातात दिली असती आणि तिचा उगम सांगितला नसता, तर माझं उत्तर वेगळं असतं. त्याबद्दल शेवटाकडे लिहितो.

आधी स्प्रेडशीटचं बघू. तिचा दोष नाही, तिच्याकडची जागा मर्यादित आहे. स्प्रेडशीट एका संख्येसाठी ६४ बिट (म्हणजे ० किंवा १ लिहायच्या ६४ जागा) राखून ठेवते आणि त्यातली ५३ बिटांएवढीच अचूकता अंकांच्या वाट्याला येते. त्यामुळे २^५३, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या तंतोतंत साठवता येतात. त्यापुढे मधल्या संख्या गळायला लागतात. शिवाय पडद्यावर पंधराच अंक खरे दाखवले जातात आणि उरलेल्या जागी शून्यं येतात. मुलीला रकाना रुंद करून, संख्या पूर्ण दिसेल असं ठेवून, ५१ व्या घराकडे बघायला सांगा. तिथे ११२५८९९९०६८४२६२० असं दिसेल. खरी संख्या ११२५८९९९०६८४२६२४ आहे. २ ला कितीही वेळा २ ने गुणलं तरी शेवटी शून्य येऊच शकत नाही, कारण त्यासाठी ५ हा अवयव लागतो. म्हणजे उत्तर चुकलंय हे पुस्तक न बघताही ओळखता येतं. एकूण बेरजेचंही तसंच: पहिल्या घरातला एक दाणा विषम, बाकी सगळी घरं सम, म्हणून बेरीज विषमच हवी. शेवटी पाच शून्यं असलेली बेरीज बघताक्षणी बाद. हा मुद्दा प्रकल्पात जरूर लिहावा, कारण हा तिने स्वतः अनुभवलेला आहे.

बरोबर आकडा यंत्राने हवा असेल तर पायथन या संगणकाच्या भाषेत २**६४ - १ लिहावं (अर्थात इंग्रजी अंकांत), पूर्ण वीस अंक मिळतात. पण हातानेही फार कष्ट नाहीत. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६, आणि त्याचा वर्ग म्हणजे २^६४. फक्त सहा वेळा वर्ग करायचा, त्यातला शेवटचाच काय तो लांबलचक आहे. मग त्यातून एक वजा. अल-बिरुनी या विद्वानाने इ.स. १००० च्या सुमारास पटावरच्या दाण्यांची हीच वीस अंकी संख्या दिली होती, आणि त्याची रीतही वर्ग करत जाण्याचीच होती.

एक वजा का, हे मुलीला विचारलं तर तिला सांगता यायला हवं. प्रत्येक घरातले दाणे हे आधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. पाचव्या घरात १६, आधीच्या चारांत १ + २ + ४ + ८ = १५. तसंच पुढे. पटाला ६५ वं घर असतं तर त्यात २^६४ दाणे आले असते, म्हणून ६४ घरांची बेरीज २^६४ − १. शेवटच्या एका घरात ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे आहेत. ‘पटावरची मोठी संख्या’ म्हणून कधी ही सांगितली जाते, कधी एकूण बेरीज. बाईंना नेमकी कोणती हवी आहे ते एकदा विचारून घ्या. मी एकूण बेरीजच धरून पुढे जातो.

आकाराचा अंदाज: आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे त्या यादीच्याही दोन स्थानं पलीकडे जाते. १८४ परार्धांहून थोडी जास्त. गव्हाचा दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला तर एकूण वजन सुमारे ७३,८०० कोटी टन होतं. जगात अलीकडे वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांहून जास्त काळाचं पीक. दाण्याचं वजन वेगळं धरलं की हा आकडा बदलतो, म्हणून कोणतं वजन धरलं ते सोबत लिहावं.

आता अवयव. इथे बहुतेक जण विभाज्यतेच्या कसोट्या घेऊन बसतात. शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने जातो, ९ ने नाही. इथपर्यंत ठीक, पण पुढे ७, ११, १३ करत निघालं तर १७ ला यश मिळेल आणि नंतर २५७ पर्यंत काहीच नाही. मुलं तिथे कंटाळून सोडून देतात. त्यापेक्षा पटाकडेच बघा. अवयव पटावरच दिसतात.

पहिल्या ओळीतल्या आठ घरांची बेरीज २५५. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर त्याच्या बरोबर वरच्या घराच्या २५६ पट, म्हणून दुसऱ्या ओळीची बेरीज २५५ × २५६. तिसरीची २५५ × २५६ × २५६. आठही ओळींत २५५ हा अवयव सामाईक आहे, म्हणून एकूण बेरजेला २५५ ने भाग गेलाच पाहिजे, एकही भागाकार न करता. आता घरं दोन-दोनच्या जोड्यांत बघा: पहिली जोडी १ + २ = ३, पुढची ४ + ८, म्हणजे ३ ची चौपट, आणि असंच पुढे. म्हणून ३ हा अवयव. चार-चारचे गट केले तर पहिला गट १५. सोळा-सोळाचे, म्हणजे दोन-दोन ओळींचे गट केले तर ६५५३५. अर्धा पट, म्हणजे ३२ घरं घेतली तर ४२९४९६७२९५, आणि खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याच्या बरोबर २^३२ पट. म्हणून

एकूण = ४२९४९६७२९५ × (१ + २^३२) = ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७.

बीजगणितात आपण अ^२ − ब^२ = (अ + ब)(अ − ब) शिकतो, ते हेच. मुलं ते सूत्र परीक्षेसाठी पाठ करतात. इथे ते डोळ्यांना दिसतं. मला वाटतं प्रकल्पाचा गाभा हाच असावा.

पुढे तेच सूत्र पुन्हा पुन्हा लावायचं. ४२९४९६७२९५ = ६५५३५ × ६५५३७. ६५५३५ = २५५ × २५७. २५५ = १५ × १७. १५ = ३ × ५. एकूण मिळालं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

या सहा संख्यांची घडण सारखी आहे: २ + १, ४ + १, १६ + १, २५६ + १, ६५५३६ + १ आणि शेवटी २^३२ + १. यांना फर्माच्या संख्या म्हणतात. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीला १६४० च्या सुमारास वाटत होतं की अशा सगळ्याच संख्या मूळ असतात. पहिल्या पाचांबाबत तो बरोबर होता. सहावी म्हणजे आपल्यापुढे उरलेली ४२९४९६७२९७.

इथे थांबून मी मुलांना विचारतो: या दहा अंकी संख्येची परीक्षा कशी घ्याल? तिचं वर्गमूळ ६५५३६ च्या जवळ आहे, म्हणजे सरधोपट मार्गाने तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. त्या साडेसहा हजार आहेत. पण पुन्हा, ही संख्या कुठून आली ते आपल्याला माहीत आहे. त्या माहितीचा उपयोग असा करायचा.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. २, ४, ८, १६… असे घात घेत जा आणि प्रत्येकाला प ने भागून फक्त बाकी लिहा. या बाक्या कधीतरी १ वर येतात आणि तिथून तेच चक्र पुन्हा सुरू होतं. प ने २^३२ + १ ला भाग जातो, म्हणून ३२ व्या पायरीवर बाकी −१ (म्हणजे प − १) असते. तिचा वर्ग १, म्हणून ६४ व्या पायरीवर बाकी १. म्हणजे चक्राची लांबी ६४ ला भागणारी आहे, पण ३२ ला भागणारी नाही; मग ती ६४ च असणार. दुसरीकडे फर्माचंच एक प्रमेय सांगतं की प − १ व्या पायरीवर बाकी नेहमी १ असते. म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. एवढं एक प्रमेय नववीच्या पुढचं आहे. ते ‘मानून चालू’ असं स्पष्ट लिहून वापरलं तरी माझी हरकत नसते.

याचा परिणाम बघा. आता प्रत्येक मूळ संख्या तपासायची गरज नाही. फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१… साडेसहा हजारांवरून आपण थेट दोनशेच्या आसपास आलो, आणि त्यांतलीही पाचवीच लागू पडते. लिओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव दाखवून दिला आणि फर्माचा अंदाज कोसळला.

तपासण्यासाठी दहा अंकी भागाकारही नको. ६४१ घेऊन करून दाखवतो. २^१६ = ६५५३६. त्याला ६४१ ने भागलं तर ६४१ × १०२ = ६५३८२, बाकी १५४. आता २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग, म्हणून त्याची बाकी १५४ च्या वर्गाइतकी. १५४ × १५४ = २३७१६. आणि ६४१ × ३७ = २३७१७. एकाने कमी! म्हणजे २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ला ६४१ ने बरोबर भाग जातो. हे दोन ओळींचं गणित फळ्यावर पुरं होतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा धडा दरवर्षी घेतो. मुलीला १९३, २५७, ४४९ आणि ५७७ साठीही हेच करायला सांगा. २^३२ + १ च्या बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५ आणि २८८ यायला हव्यात, म्हणजे त्यांनी भाग जात नाही.

भागाकार केला की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. आता ६७००४१७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये. तिचा कोणताही मूळ अवयव हा २^३२ + १ चाही अवयव असणार, म्हणून तोही ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच हवा. लहान चार आपण आधीच बाद केले. उरतात ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३. हे सात भागाकार मात्र खरोखर करायचे. बाक्या येतात ४४, १२०, ३३४, ८३२, ६२२, २३२ आणि ९४. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. आणि ६५५३७ चं? तिच्यासाठी हाच युक्तिवाद ३२ च्या पटीत एक मिळवून लागू होतो, आणि वर्गमूळ २५६ असल्याने फक्त ९७ आणि १९३ तपासावे लागतात. बाक्या ६२ आणि ११०. २५७ आणि ६४१ मूळ आहेत हे ती स्वतः नेहमीच्या पद्धतीने बघेल.

इथवर आलेलं एकत्र करतो: वीस अंकी संख्येचे सातही मूळ अवयव मिळाले, ते मूळ असल्याची खात्री झाली, आणि त्यासाठी डझनभर छोटे भागाकार आणि एक सूत्र पुरलं.

आता ‘गुणधर्म’. अवयव हातात आले की पुष्कळ गोष्टी आपोआप मिळतात. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच; विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८. त्यांच्या जोड्या ६४. म्हणजे ही संख्या दोन संख्यांचा गुणाकार म्हणून बरोबर ६४ प्रकारे लिहिता येते, जितकी पटावर घरं तितक्याच. फर्माचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि सहावी संख्याही मूळ निघाली असती, तर हे प्रकार ३२ च झाले असते. ६४१ मुळे ते ६४ झाले. योगायोगच आहे, पण मला अतिशय आवडतो. संख्या विषम असल्यामुळे गुणाकाराच्या प्रत्येक जोडीतून दोन वर्गांची वजाबाकी मिळते, म्हणून ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही ६४ प्रकारे लिहिता येते. त्यातला एक प्रकार तर आपण वापरलाच: २^३२ चा वर्ग वजा १ चा वर्ग.

वर्गांच्या बेरजेचं मात्र उलट आहे. संख्येला ८ ने भागलं तर बाकी ७. कोणत्याही पूर्ण वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ च येते. यातल्या दोन बाक्या मिळवून ७ होत नाही, तिन्ही मिळवूनही होत नाही (मुलीला सगळे पर्याय लिहून बघू द्या). म्हणजे ही संख्या स्वतः पूर्ण वर्ग नाही, दोन वर्गांची बेरीज नाही आणि तीन वर्गांचीही नाही. चार वर्ग लागतातच, आणि चार नेहमी पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलेलं आहे. परिपूर्ण संख्या आहे का, असं कोणी विचारलं तर तेही नाही: स्वतःला सोडून बाकी १२७ विभाजकांची बेरीज तिच्या सुमारे ७० टक्केच भरते.

अर्ध्या पटाची संख्या ४२९४९६७२९५ स्वतंत्रपणे लक्ष देण्याजोगी आहे. ती ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ यांचा गुणाकार, आणि फर्माच्या मूळ संख्या आजवर एवढ्याच सापडल्या आहेत. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कंपास आणि पट्टीने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवलं. त्यातून पुढे आलेल्या सिद्धांतानुसार, बाजूंची संख्या विषम असलेले जे बहुभुज अशा रीतीने काढता येतात हे आज माहीत आहे, त्यांत सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. म्हणजे भूमितीच्या तासाला वापरतो त्या कंपासचा आणि पटाच्या वरच्या अर्ध्या भागातल्या दाण्यांचा थेट संबंध आहे.

आता जरा वेगळ्या प्रकारचे गुणधर्म. काही गोष्टी संख्येच्या असतात, काही तिच्या लिहिण्याच्या पद्धतीच्या. अवयव, विभाजक, वर्गांची बेरीज या संख्येच्या; कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत त्या तशाच राहतात. अंकांची बेरीज ८७ ही मात्र दशमान पद्धतीमुळे. द्विमान पद्धतीत हीच संख्या म्हणजे ओळीने चौसष्ट १. दशमानात तिच्यात २ सोडून बाकी सगळे अंक आहेत. २ च्याच घातांतून आलेल्या संख्येत २ नसावा ही गंमत आहे, तिच्यामागे काही कारण नाही. तरीही अशा गुणधर्मांना कमी लेखू नये. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी अंकांच्या अशाच खेळातून ६१७४ ही संख्या (‘कापरेकर स्थिरांक’) जगापुढे आणली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. आपली संख्या हर्षद आहे का? ८७ = ३ × २९, आणि २९ आपल्या सात अवयवांत नाही. म्हणून नाही. बघा, प्रश्न अंकांचा होता, पण उत्तर अवयवांनी दिलं.

आता राहिलेलं: उगम माहीत नसलेली वीस अंकी संख्या समोर आली तर? तेव्हा हे काहीच चालत नाही. वर्गमूळ ४२९ कोटींच्या घरात, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या २० कोटींहून जास्त; हाताने अशक्य. संगणक मात्र ती क्षणात फोडतो, कारण तोही एकेका मूळ संख्येने भागत बसत नाही, त्याच्याकडे बाक्यांच्या चक्रांवरच आधारलेल्या चाचण्या असतात. संख्या काही शे अंकी असली आणि दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून मुद्दाम बनवलेली असली, तर आजचे संगणकही थकतात. बाईंचा भर ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं अवघड असतं’ यावर असेल तर ही संख्या चुकीचं उदाहरण ठरेल, ती फारच सहज उलगडते. भर ‘रचना ओळखली की अवघड सोपं होतं’ यावर असेल तर हिच्याहून चांगलं उदाहरण नाही. म्हणून बाईंशी एकदा बोलून घ्या.

प्रकल्पाला एखादं पान जोडायचं असेल तर मी हे सुचवेन. एकेका घरापर्यंतच्या बेरजा लिहून त्यांतल्या कोणत्या मूळ येतात ते बघावं: दुसऱ्या घराला ३, तिसऱ्याला ७, पाचव्याला ३१, सातव्याला १२७. घराचा क्रमांक संयुक्त असेल तर बेरीज कधीच मूळ येत नाही, आणि याचं कारण वर केलेल्या गटांतच आहे. क्रमांक मूळ असूनही कधी निराशा होते: अकराव्या घराला २०४७ = २३ × ८९. पुढे ६१ व्या घराला मात्र २३०५८४३००९२१३६९३९५१ ही एकोणीस अंकी बेरीज मूळ आहे. रशियातल्या पेर्वुशिन यांनी ते १८८३ मध्ये दाखवलं. शेवटची तीनच घरं कमी केली की सात अवयवांत सुटणारी संख्या एकदम अभेद्य होते. मुलीने तेराव्या आणि सतराव्या घरांच्या बेरजा स्वतः तपासाव्यात. ८१९१ आणि १३१०७१. पहिलीसाठी २६ च्या पटीत एक, दुसरीसाठी ३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्यांनीच भागून बघावं लागेल. तसं का, हे तिला बाक्यांच्या चक्रावरून सुचतं का ते बघा. अडली तर तिने कुठवर केलंय ते लिहा, तिथून पुढे मी सांगतो.